पालथी बरणी

शनिवारी रात्री अकराला मला भूक लागली,
एवढाच काय तो गुन्हा.
निदान मी तसं धरून चाललो होतो.

फ्रिजमध्ये बरणीच्या तळाशी तीन चमचे मात्सून,
वर बशी, बशीवर एक कांदा.
आता कळतं, कांदा पहाऱ्याला होता.
लसूण ठेचून घातला, लवाशच्या तुकड्याने
उभ्याउभ्या बरणी निपटली,
आणि गुणी जावयासारखी
गरम पाण्याने, साबणाने घासून
ओट्यावर पालथी घातली.
खाल्ल्यापेक्षा घासल्याचाच अभिमान जास्त.

सिरानुश रविवारी वनाद्झोरहून आली,
बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन उरकून.
बुटांवर बर्फ, हातात दुधाचा कॅन.
कोट न काढता दूध तापवलं,
कोमट होऊ दिलं,
करंगळी बुडवून सात अंक मोजले.
मग फ्रिज उघडला.
मग ओट्याकडे पाहिलं.

आरडाओरडा करणारी सासू परवडली.
ही खुर्ची ओढून बसली
आणि बरणीलाच म्हणाली,
"माझ्या सासूने दिलं होतं हे विरजण.
घर पडलं तेव्हा पत्र्याच्या खोलीत
दोन हिवाळे पोटाशी धरून झोपले,
गोठू नये म्हणून.
तेव्हा नाही मेलं."
आणि माझ्याकडे न बघता:
"साबणाने?"

सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.
अर्पिने माझ्या मदतीला धावली,
"अगं आई, दुकानात मिळतं की."
नसती धावली तर बरं.
दुकान हा शब्द या घरात
फक्त साबणासाठी वापरतात.

दूध निवत चाललं.
जाहिराती लागल्यावर सासरे भिंतीला म्हणाले,
"क्नारिककडे असेल."

क्नारिक म्हणजे समोरचं दार.
चार वर्षं त्या दाराशी अबोला, एका चाळणीवरून.
चाळणी कुणाची ते मला विचारू नका,
मी तेव्हा नवा होतो.
पण पत्र्याच्या दिवसांत
एक चमचा याच बरणीतून त्या दारात गेला होता,
हे सगळ्यांना ठाऊक, आणि कुणी बोलेना.

घरजावयाचा एवढा तरी उपयोग:
त्याला कुठेही पाठवता येतं,
त्याचं नाक मोजणीत नसतं.
वाटी घेऊन मी जिन्यावरच्या सहा फरशा ओलांडल्या.

साखळी न काढता तिने बोटभर दार उघडलं.
"तिने पाठवलं?"
"नाही. मी खाल्लं."
"सगळं?"
"बरणी धुतलीसुद्धा."
क्नारिक इतकी हसली की साखळी वाजायला लागली.
माझी वाटी तिने ठेवूनच घेतली,
स्वतःची निळ्या काठाची दिली, शीग लावून.
"सांग, तिचं तिला परत. व्याज राहू दे."

व्याजाचं मी घरी सांगितलं नाही.
सिरानुशने चमच्याचं टोक जिभेला लावलं,
डोळे मिटले. फार वेळ मिटले.
"आंबट. कढत दुधात घालते मेली.
पहिल्यापासून घाई."
मग ते दुधात सोडलं, एकदाच ढवळलं,
आणि तेव्हा कुठे अंगावरचा कोट काढला,
पातेल्याला घातला,
वरचं बटणसुद्धा लावलं.
ती रात्र आम्ही सगळे पाय न वाजवता चाललो.

सकाळी चमचा उभा राहील इतकं घट्ट.
मला वाढलं नाही. मी मागितलंही नाही.
फक्त निळ्या काठाची वाटी हातात दिली,
सुक्या जर्दाळूंनी भरून.
"भांडं रिकामं परत देत नाहीत,
एवढं तरी तुझ्या आईने शिकवलंय ना?"

जिन्यावर आलो.
मागे आमचं दार ओढून घेतलेलं, पण लागलेलं नाही.
पुढे साखळी आधीच काढलेली.
"काय म्हणाली?" पुढून हळूच.
"काय म्हणाली ती?" मागून, त्याहून हळू.

मी बोलणार कसा,
वाटेत एक जर्दाळू तोंडात टाकला होता.